भरल्या गाडीचे दिवे

निशाने व्हॅन शाळेच्या भिंतीकडे तोंड करून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी केली. वाडीत सपाट जागा तेवढीच. दिवेलागणीची वेळ होती. तिने एक काठी दिव्याशेजारी जमिनीवर उभी धरली, दिव्याचा मध्य जिथे येत होता तिथे अंगठा रोवला आणि तो न हलवता भिंतीपर्यंत चालत गेली. त्या उंचीवर तिने कोळशाने आडवी रेघ ओढली.

शाळेच्या पायरीवर नवसी, बनूबाई आणि आणखी दोघीतिघी बसल्या होत्या. शेजारी वालाच्या शेंगांच्या गोण्या. रोज या गोण्या संध्याकाळीच निशाच्या व्हॅनमध्ये चढायच्या आणि बायका पहाटे, बदलापूरच्या बाजाराला. आज मात्र सगळ्या हेमंतच्या जीपची वाट बघत होत्या.

"हेमंत निघालाय," बनूबाई म्हणाली. "उगा भिंत नको काळी करू. मास्तर बोंबलंल."

"येऊ दे त्याला. तोवर बघते."

परवा पहाटे निशाच्या नव्या दिव्यांनी देऊकाकाचे डोळे दिपले होते. समोरून दूध घेऊन येणारा म्हातारा सायकलीसकट ओढ्याच्या मोरीवरून खाली गेला. आता तो हात गळ्यात बांधून त्याच पायरीवर बसला होता, आणि बायकांनी सांगून टाकलं होतं, या दिव्यांच्या गाडीत आम्ही बसणार नाही.

"जुनं दिवं लाव की परत," नवसी म्हणाली.

"जुन्यात रस्ता दिसत नव्हता, मावशी. धरणाच्या वळणावर म्हैस बसली होती, ती मागून तुला दिसली, मला नाही. तू ओरडलीस म्हणून थांबले."



निशाने दिवे डिपरवर, खालच्या झोतावर, लावले. भिंतीवर प्रकाशाची वरची कड सुरीने कापल्यासारखी उमटली, कोळशाच्या रेघेच्या थोडी खाली. हवी तिथेच. शहरात कॅम्प दोनमधल्या दिव्यांच्या दुकानदाराने काचेसकट दोन्ही दिवे बदलून दिले, तेव्हा त्याच्या भिंतीवरही ती अशीच होती. दुपारी फोनवर तो हेच म्हणाला होता, "सेटिंग एकदम बरोबर है, बेटा. देख के ले गयी ना तू?"

"मंग?" देऊकाकाने विचारलं. "माझंच डोळं वाकडं?"

निशा दिव्यासमोर उकिडवी बसली. उजवा दिवा पाहिला, डावा पाहिला. भिंतीपाशी जाऊन परत आली. चूक कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण चूक होती. म्हातारा उगाच मोरीवरून पडला नव्हता.

"बसून बसून कंबार गेली," म्हणत नवसी उठली आणि व्हॅनच्या उघड्या दारातून मागच्या सीटवर जाऊन टेकली.

भिंतीवरची कड वर सरकली.

"मावशी, हलू नकोस!"

"का गं? साप हाय?"

"उतर. आता चढ. परत उतर."

"येडी झाली पोर," नवसी म्हणाली, पण उतरली आणि चढली. कड खाली आली, वर गेली.

दुकानात गाडी रिकामी होती. रस्त्यावर ती कधीच रिकामी नसते. मागून दबते आणि पुढून नाक वर करते.

"सगळ्या बसा," निशा म्हणाली. "गोण्यांसकट."

"आमी येणार नाय, सांगितलं ना एकदा."

"कुठं जायचं नाहीये. वजन पाहिजे."

"ऐकलंस, नवसे?" बनूबाई म्हणाली. "सासू म्हणायची, कमी खा. आज कुणीतरी वजन मागतंय."

बायका हसल्या, पण उठलं कोणी नाही. तेव्हा देऊकाका म्हणाला, "बसा की गं. पडलो मी, तुमचं काय जातंय?"

निशाने गोण्या स्वतः ओढत आणून मागे रचल्या. बायका रोजच्या जागी दाटीने बसल्या. निशाला बाहेर काम होतं, म्हणून तिच्या सीटवर बनूबाईला बसवलं.

"कशाला हात लावायचा नाही."

"हॉर्नला?"

"त्याला पण नाही."

आता कड कोळशाच्या रेघेच्या हातभर वर होती. निशाने एका दिव्यावर रिकामी गोणी टाकली आणि दुसऱ्याच्या स्क्रूला पेचकस लावला. स्क्रू थोडा फिरवायचा, भिंत बघायची. जास्त झालं तर उलटा फिरवायचा. मग गोणी या दिव्यावरून त्या दिव्यावर. आतून कोणी विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारलं, तेव्हाही "नाही"च म्हणाली. दोन्ही कडा एका पातळीत, रेघेच्या खाली आल्या, तेव्हाच तिने पेचकस खिशात घातला.

देऊकाका न सांगता उठला आणि भिंतीपुढे जाऊन उभा राहिला, समोरून सायकल येते त्या बाजूला. प्रकाश त्याच्या कमरेपर्यंत पोचला. गळ्यात बांधलेला हात आणि चेहरा वर अंधारात राहिले. डोळे त्याने गच्च मिटून घेतले होते.

"उघड, काका."

त्याने आधी एक उघडला, मग दुसरा.

"डोळ्यात जातो?"

त्याने मान पुढे काढून गाडीकडे बघितलं. "नाय. बनू दिसते. डायवर झाली तर तोंड केवढं केलंय बघा!"

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

पहिली बनूबाई उतरली. मग मागच्या बायका एकेक करून उतरू लागल्या. प्रत्येकीबरोबर गाडी मागून थोडी उचलली जाई आणि भिंतीवरची कड थोडी खाली येई. शेवटी नवसी उतरली. निशा भिंतीकडेच बघत होती. कड खाली आली आणि मध्येच थांबली. एकाही गोणीला कोणी हात लावला नव्हता.