उलटतपासणीची तालीम

“कोचनं बोलावलं म्हणून तू त्याच्या खोलीवर गेलीस. दार कुणी लावलं?”

“त्यांनी.”

“तू ओरडलीस?”

“नाही, सर.”

“का नाही?”

वैजयंतीनं मेथीची काडी खुडून ताटात टाकली. रविवारची दुपार, सीवूड्समधला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि नवरा बनियनवर, हात मागे बांधून हॉलभर येरझाऱ्या घालतोय. समोरच्या खुर्चीत ती. म्हणजे खरं तर ती नव्हेच. आत्ता ती शिरवण्याची बतूल होती. देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या शिबिरातली गोलकीपर, जेमतेम एकोणीस वर्षांची.

हा या घरचा जुना रिवाज. नंदकिशोरला उद्या ज्याची उलटतपासणी घ्यायची असेल, त्याच्या जागी आज बायकोनं बसायचं. लग्न झाल्यापासून ती या खुर्चीत काय काय झाली होती. लाच खाणारा तलाठी झाली, सुनेला छळणारी सासू झाली, पोटभाडेकरू झाली. ती स्वतःही वकील. दोघं एकाच चेंबरमध्ये ज्युनिअर होते, त्यामुळे उत्तरं अशी बेरकी द्यायची की नंदकिशोर खूश. तेव्हा तो गांजलेल्या बायकांच्या बाजूनं उभा राहायचा. तेव्हा तिलाही खुर्चीत बसून हरायला मजा यायची.

मग फुटबॉल आला. जन्मात चेंडूला पाय न लावलेला हा माणूस फुटबॉलमध्ये शिरला तो कोर्टाच्या दारानं. दोघांचे सीनिअर हौसेराव फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले आणि ते पद टिकवायला त्यांना घरचा वकील हवा होता. निवडणूक आली की स्टे आणायचा, स्टे उठला की दुसरा आणायचा. एवढ्या कर्तबगारीवर स्वारी आधी कायदा सल्लागार झाली, मग खजिनदार, आणि आता अख्ख्या देशाच्या फुटबॉल संघटनेची सरचिटणीस. भिंतीवर परदेशी पाहुण्यांबरोबरचे फोटो आले, कपाटात ब्लेझर मावेनासे झाले. मैदानं मात्र होती तशीच, खड्ड्यांची.

आणि आता या बतूलनं कोचविरुद्ध तक्रार केली होती. कोच म्हणजे हौसेरावांचा सख्खा भाचा. उद्या चौकशी समितीपुढे तिला प्रश्न विचारणार नंदकिशोर. तक्रार खोटी ठरली की पोरीचं खेळणं कायमचं संपलं. सोबत वकील आणायची तिला मुभा होती, पण संघटनेशी वाकडं घ्यायला कुणी वकील तयारच झाला नव्हता. त्यामुळे सरचिटणीस निवांत होते.

“लक्ष कुठाय तुझं, वैजू? बतूल हो ना नीट.” त्यानं घसा साफ केला. “मागच्या स्पर्धेत कोचनं तुला बाहेर बसवलं होतं. त्याचा राग होता ना तुझ्या मनात?”

“तो राग वेगळा, सर.”

“म्हणजे राग होता.” त्यानं चुटकी वाजवली. “बघितलंस? अशी अडकते.”

वैजयंतीला शिसारी आली. प्रश्न तिच्या ओळखीचेच होते. पूर्वी समोरचे वकील असले प्रश्न विचारायचे, आणि नंदकिशोर घरी येऊन जेवता जेवता त्यांचा उद्धार करायचा. आता तोच चुटक्या वाजवत होता. याच्यासाठी आपण खुर्चीत बसतो, या पोरीला कुठून सोलायचं ते दाखवून देतो.

“आता शेवटचा घाव,” तो म्हणाला. “खरंच असं घडलं असतं, तर तू त्याच दिवशी बोलली असतीस. इतके महिने गप्प का बसलीस?”

“कारण घरी ज्याला सांगायचं, तो त्याच माणसाच्या जिवावर उभा राहत होता.”

नंदकिशोर थांबला आणि हसला. “काहीतरीच. तिच्या बापाचं गॅरेज आहे. त्याचा कोचशी काय संबंध?”

“बतूलचं नाही सांगत. माझं सांगतेय.”

तिचे हात मेथीतच होते. आवाजही साधा होता.

“आपल्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही तारखेला अलिबागला गेला होतात. हौसेराव सरांनी चेंबरचं दार आतून लावलं. मीही ओरडले नाही. संध्याकाळी तुम्हाला सांगणार होते, तर तुम्ही पेढे घेऊन आलात. सरांनी पहिली मोठी केस दिली म्हणून. पुढच्या महिन्यात मी कोर्टात जाणं सोडलं, तर तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, हिला घरसंसाराचीच हौस.”

नंदकिशोर सोफ्याच्या कडेला बसला. खाली सोसायटीत कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत वाजत होती. ती वाट बघत राहिली. त्यानं उठून नुसता जवळ यावं, एवढंच तिला हवं होतं. हौसेरावांना त्यानं शिवी जरी घातली असती, तरी चाललं असतं. पण तिला तो चेहरा पाठ होता. तो हिशेब करत होता, हे बाहेर गेलं तर काय होईल याचा.

“पुरावा आहे काही?” त्यानं हळूच विचारलं.

वैजयंतीनं ताट बाजूला सारलं आणि उठून आत गेली. कपाटातले ब्लेझर एकेक करून पलंगावर टाकले. सगळ्यात मागे तिचा काळा कोट होता, डांबरगोळ्यांच्या वासाचा. वकिलीची सनद तिनं कधी परत केली नव्हती. कोट झटकत ती बाहेर आली आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“बतूलला वकील मिळालीय,” ती म्हणाली. “आणि उद्याचे तुमचे सगळे प्रश्न तिनं आजच ऐकलेत.”