पेल्हॅम घराण्याचा शोध

आयर्लंडमधल्या एनिस गावच्या मिसेस पेल्हॅम अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या पणजोबांच्या भावाने इंग्लंडहून कॅनडात जाऊन माळरानावर शेती वसवली होती. त्याच्या वंशातलं कुणीतरी शोध, असा लकडा त्यांनी भाडेकरू डॉक्टर स्मृतीमागे लावला होता.

रविवारी तिने तिकडच्या दोन पेल्हॅमांना फोन लावले. दोघंही खेकसले, "कालच येऊन गेलात ना तुम्ही!"

तिसरा फोन एका म्हातारीने उचलला.

"मी कधीच कॅनडात आलेले नाही!" ती काही बोलायच्या आतच स्मृती वैतागून म्हणाली. "आयर्लंडहून बोलतेय!"

म्हातारी त्याहून वैतागली. "अहो बाई, मी मघापासून दार उघडं धरून उभी आहे. समोर बर्फात उभ्या राहून फोनवर काय बोलताय? आत या."