छातीतला आवाज

हृदयाच्या शस्त्रक्रियेत ताईचं छातीचं हाड कापलं होतं. त्यानंतर पहिल्यांदाच ती डंबेल घेऊन बाकावर आडवी झाली. डॉक्टरांची परवानगी होती, तरी तिच्या तोंडचं पाणी पळालं. “हाड उकललं तर?” “जुळलंय ते. पाय जमिनीवर टेकव, मनगटं सरळ, कोपरं फाकवू नकोस.” व्यायाम शिकवणारी धाकटी बहीण उशाशी उभी होती. “आता श्वास सोडत हळूच वर.” डंबेल अर्ध्यावर आले आणि टक्कन आवाज झाला. ताई ओरडली, “लवकर घे!” बहिणीने डंबेल झटकन काढून घेतले. “दुखतंय?” “नाही.” तिने ताईचा रिकामा हात वर केला. पुन्हा टक्! “खांदा वाजतोय गं, छाती नाही!” बहीण म्हणाली. ताईला हुंदका फुटला. बहिणीचेही ओठ पांढरेफटक होते. “तूही घाबरलीस?” “जीवच गेला होता.” ताईने डोळे पुसले. “हलके डंबेल दे. दोघी मिळून घाबरू.”