वाफाळता रिकामा कप

शाळेतल्या नाट्यवर्गाच्या दुसऱ्या वर्षात, अभिनयाच्या सरावात रिकाम्या कपातून वाफाळता चहा प्यावा तो तिनेच. वर्ग घेणाऱ्या बाईंची भाची मात्र तोच कप पाण्यासारखा गटागट संपवायची. तरी वार्षिक नाटकात मालकीण झाली भाची, आणि ही मोलकरीण. "तुझ्या चेहऱ्याला तेच शोभतं," बाई म्हणाल्या. "ट्रे ठेवायचा, मान खाली घालून निघायचं." प्रयोगाला तिने ट्रे ठेवला, पण निघाली नाही. खुर्ची ओढून मालकिणीसमोर ऐसपैस बसली. कोरड्या किटलीतून कप भरला, फुंकर घातली, घोट घेतला आणि जीभ पोळल्यासारखे डोळे मिटले. पहिल्या रांगेत कुणीतरी 'स्स्' केलं. विंगेतून बाई दातओठ खात पुटपुटल्या, "ऊठ! आत ये!" तिने दुसरा कप भरून मालकिणीपुढे सरकवला. "घ्या, बाईसाहेब. आणि ट्रे आज तुम्ही उचला." भाचीने विंगेकडे पाहिलं, कप उचलला आणि आधी फुंकर घातली.