वाटीपुरती फट

"मला बाराही महिने पानं टिकणारं कुंपण हवंय. शेजारणीचं तोंड दिसायला नको," नाशिक रोडच्या काकू माझ्या नर्सरीत शिरताच म्हणाल्या. मी मेंदी दाखवली. "उन्हाळ्यात विरळ होते ती." मग मधुकामिनी दाखवली. पानं चुरगाळून, वास घेऊन त्यांनी पसंत केली. "वीस फुटांना वीस रोपं लागतील," मी म्हणालो. "एकोणीस द्या. मधलं एक नको." फटच ठेवायची तर कुंपण कशाला? मला कळेना. काकूंनी पिशवीतून स्टीलची वाटी काढून दोन रोपांमधून आरपार नेऊन पाहिली. वाटीवर 'उज्वला' कोरलेलं होतं. "तुमचं नाव?" "छे! त्या शेजारणीचं. भांडणाच्या आदल्या दिवशी हिच्यातून खीर आली होती." "मग आजच परत करून मोकळ्या व्हा की!" "रिकामी?" काकू माझ्यावरच कडाडल्या. "आणि भरून दिली, की संध्याकाळी तिची दुसरी वाटी हजर!"