फाटकाबाहेरच्या चपला

वरठीच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या आनंद नावाच्या तरुणानं नव्या राजदूत फटफटीवर बसवून आईला, भागरथाबाईला, पवनीची जुनी मशीद पाहायला आणलं. तो कमानीवरची नक्षी पाहत पुढं गेला. तिनं मात्र सवयीनं रस्त्यालगतच्या फाटकाबाहेरच चपला काढल्या. लहानपणी ती देवळाच्या पायरीला शिवली म्हणून गावानं तिच्या बापाला झोडपलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षं लोटली, तरी ती धास्ती गेली नव्हती. वैशाखात तापलेल्या अंगणातल्या फरशीवरून ती अंग चोरून चालू लागली. “ओ बाई, रुको!” म्हातारा राखणदार मागून धावत आला. आपली जात ओळखलीच यानं, असं तिला वाटलं. “पोराले मारू नका जी, निघतो आमी,” तिनं हात जोडले. त्यानं हातातल्या तिच्या चपला वाकून तिच्यापुढं ठेवल्या. “फर्शी अंगार है, बाई. चप्पल सीढ़ीपे निकालो.” तेव्हा कुठं तिला तळवे पोळल्याचं कळलं.