कंदिलापुरता उजेड

कॅमेऱ्यातली मोटर पुन्हा घरघरली, पुढे गेली, मागे आली आणि काहीच न सापडल्यासारखी गप्प बसली. रंगमंचावर एका कंदिलाखेरीज उजेड नव्हता. विंगेत गुडघ्यांवर बसलेल्या सुनेने वैतागून ऑटोफोकस बंद केला. अंधारात यंत्र चाचपडतं, आपला हात चाचपडत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. म्हणून नाटकमंडळीतलं कुणी या बाबतीत तिच्या वाटेला जात नसे.

कंदिलाजवळ तिचे सासरे बसले होते. नाटकात ते दारुड्या बापाचं काम करत. दुसऱ्या अंकात हा बाप दाराकडे टक लावून घर सोडून गेलेल्या मुलाशी एकटाच बोलत बसतो. ते दार नेमकं तिच्या विंगेत होतं. प्रेक्षकांना त्यांचा उजवा गाल तेवढा दिसे. समोरून अख्खा चेहरा दिसे तो तिला.

तिने कॅमेऱ्यात चित्र मोठं करून घेतलं. आता तिच्यासमोर सासऱ्यांचा एकच डोळा होता, खिडकीएवढा. तिने लेन्सची रिंग केसभर फिरवली. धुरकट पापणीतून एकेक केस सुटा होत गेला. तिची रीत ठरलेली होती. आधी डोळा, मग ओठांचा कोपरा, आणि दोन्ही पटले की मगच बटण. डोळा पटला. ती ओठांच्या कोपऱ्यावर आली. डावा कोपरा खाली ओघळला होता.

पहिला संशय तिला लेन्सचाच आला. फोटोग्राफरच ती, माणसाचं काही बिनसलंय हे मनात येण्याआधी काचेचं बिनसलंय असंच वाटणार. तिने रिंग पुढेमागे करून पाहिली. उजवी बाजू लख्ख होती. डावी बाजूही तितकीच लख्ख होती. काच ठणठणीत होती.

या चेहऱ्याचे तिने किती फोटो काढले होते, याला गणती नव्हती. दारुड्याच्या कामात सासरे दोन्ही गाल सैल सोडत, दोन्ही पापण्या जड करत. एका गालाने शुद्धीवर राहून दुसऱ्या गालाने दारू प्यायची कला त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचं वाक्य जिभेत अडकलं. मग पुढचंही अडकलं. सगळं नाट्यगृह श्वास रोखून ऐकत होतं.

"आज काका पेटलेत हं!" प्रॉम्प्टर कुजबुजला.

तिचा नवरा मागेच उभा होता. दिग्दर्शक तोच.

"पडदा पाड," ती हळूच म्हणाली. "बाबांना अर्धांगाचा झटका आलाय. तोंडाची डावी बाजू बघ."

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. एवढ्या लांबून, तेवढ्याशा उजेडात त्याला नेहमीचाच दारुडा दिसला. "अगं, काम करतायत ते! तुला फोटोतलं कळतं, नाटकातलं नाही. चालू अंकात पडदा पाडला तर बाबा जन्मात आपलं तोंड बघायचे नाहीत."

यात तिळमात्र खोटं नव्हतं. पायात खिळा घुसला असतानाही सासऱ्यांनी अंक पुरा केलेला. एका प्रयोगात त्यांना भोवळ आली, तेव्हा सख्ख्या भावाने घाबरून पडदा पाडला होता. त्या भावाशी ते आजतागायत बोलत नव्हते.

सुनेने पुन्हा सासऱ्यांकडे पाहिलं. "सूनबाई, घर कुणीही आवरेल, फोटो तूच काढ," असं लग्नानंतर चारचौघांत बजावणारा हा माणूस. सासर म्हणावं तर तिला खरं तेवढंच मिळालं होतं. त्यांचा अबोला तिला सोसला नसता. पण अबोला धरायला माणूस तर उरायला हवा.

तिने कॅमेरा खाली ठेवला आणि उठून मागच्या पॅसेजमध्ये गेली. बायकोला पटलं, असं समजून नवऱ्याने सुस्कारा सोडला. मिनिटभरातच ती परत आली. आता तिने कुणाला काही विचारलं नाही. पडदेवाला "अहो वहिनी, वहिनी!" करेपर्यंत तिने दोरी ओढली होती.

प्रेक्षकांत एकच गलका झाला. आत कुणीतरी सगळे दिवे लावले. सासरे खुर्चीतच ताठ झाले.

"कु... कुणी पाडला?"

मंडळी खुर्चीभोवती गोळा झाली.

"मी पाडला, बाबा." सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हवं तेवढं रागवा. पण आधी एकदा माझ्याकडे बघून हसा."

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. एवढा रंगलेला अंक मोडायचा आणि वर हसा म्हणायचं! या पोरीवर रागावणं त्यांना कधी धड जमलंच नव्हतं. ते तोंडभर हसले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. भर दिव्यांत सगळ्यांना दिसलं ते निम्मंच हसू. डावा गाल जागचा हललाही नाही.

नवरा घाईघाईने खिशात फोन शोधू लागला.

"अँब्युलन्स पडद्याच्या आधीच बोलावलीय," सून म्हणाली. "मागच्या दाराशी येईलच आता. तू फक्त त्यांचा डावा हात धर."